आरव्हीतले गॅस अलार्म: गाडी ताब्यात घेतल्यापासून पहिल्या रात्रीपर्यंत

उन्हाळ्यात आईबाबा भारतातून आले की आरव्ही, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन येलोस्टोन किंवा ब्राइस कॅन्यनला जायचा बेत अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत शिजतो. गाडी ताब्यात देताना पलंग कसा उघडायचा, शॉवर कसा चालतो, घाण पाण्याची टाकी कशी रिकामी करायची हे सगळं दाखवतात. स्वयंपाकाच्या ओट्याखाली, जमिनीलगत बसवलेल्या पांढऱ्या डबीबद्दल मात्र बहुतेक वेळा कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. तो प्रोपेनचा अलार्म. दुसरा, कार्बन मोनॉक्साइडचा, झोपायच्या जागेजवळ असतो, किंवा दोन्ही एकाच डबीत असतात. हा लेख त्या दोघांबद्दल आहे, आणि ते वाजण्याची वेळच येऊ नये म्हणून काय करायचं याबद्दल.

आधी वायू समजून घेऊ, कारण दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. प्रोपेन म्हणजे आपल्या घरगुती सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. भारतात त्यात ब्युटेनही मिसळलेलं असतं, अमेरिकेत आरव्हीच्या सिलिंडरमध्ये जवळजवळ सगळं प्रोपेनच असतं. ते उणे ४२ अंश सेल्सियसलाच उकळतं, म्हणून बर्फातही शेगडी पेटते. हवेपेक्षा ते साधारण दीडपट जड. गळलं की जमिनीवर पसरतं, पलंगाखालच्या कप्प्यांत आणि दारापाशी पायरीच्या खोलगट भागात साचतं. हवेत त्याचं प्रमाण २.१ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. त्याला ओळखू यावा म्हणून मर्कॅप्टनचा उग्र वास दिलेला असतो, पण वासावर विसंबू नका. झोपेत वास कळत नाही, वयस्कर माणसांचं नाक मंदावलेलं असतं, आणि जुन्या गंजलेल्या टाकीत वास फिका पडू शकतो.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. वजन जवळपास हवेइतकंच, त्यामुळे तो ना खाली बसतो ना वर जातो, सगळ्या गाडीभर मिसळतो. तो सिलिंडरमधून येत नाही. काहीही अर्धवट जळलं की तयार होतो. जनरेटर, गाडीचं इंजिन, फर्नेस (गाडी आतून गरम करणारा गॅस हीटर), वॉटर हीटर, गॅसवर चालणारा फ्रिज, शेगडी आणि कोळशाचं बार्बेक्यू, हे सगळे त्याचे उगम. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे त्याला धरून ठेवतं. आरव्ही म्हणजे एखाद्या लहान खोलीएवढी हवा असलेली पेटी, म्हणून घरात जे तासांत होतं ते इथे मिनिटांत होतं.

पायरी १: गाडी ताब्यात घेताना दहा मिनिटं अलार्मना द्या

दोन्ही अलार्म कुठे आहेत ते शोधा. प्रोपेनचा घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर असतो, बहुधा ओट्याच्या किंवा बसायच्या बाकाच्या खालच्या फळीवर, आणि तो गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. त्यावर हिरवा दिवा स्थिर दिसला पाहिजे. नुकताच वीजपुरवठा जोडला असेल तर आतला सेन्सर गरम होईपर्यंत काही मिनिटं दिवा लुकलुकतो, तेवढं थांबा. दिवाच नसेल तर फ्यूज गेलेला आहे, तार सुटलेली आहे, किंवा आधीच्या कुणीतरी आवाजाला कंटाळून ती काढलेली आहे.

मग टेस्टचं बटण दाबा, आणि ते दाबताना घरातल्या सगळ्यांना, आजीआजोबांसकट, आत उभं करा. हा आवाज सगळ्यांनी एकदा जागेपणी ऐकलेला असला पाहिजे. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची खूण चार पीप, थोडी शांतता, पुन्हा चार पीप अशी असते. धुराचा अलार्म तीन-तीन पीप देतो. बटणाने भोंगा आणि आतलं सर्किट तपासलं जातं. सेन्सर म्हातारा झालाय का, ते त्यावरून कळतंच असं नाही. म्हणून पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

तारीख बघा. अलार्मच्या मागे किंवा कडेला निर्मितीची तारीख, आणि बऱ्याचदा 'या तारखेपूर्वी बदला' असंही छापलेलं असतं. प्रोपेनच्या आणि दुहेरी अलार्मचं आयुष्य साधारण ५ ते ७ वर्षं. फक्त कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ५ ते १० वर्षं चालतो, उत्पादकाने जे छापलं असेल ते खरं. गाडी वापरली काय आणि अंगणात झाकून ठेवली काय, सेन्सरचं वय वाढतच राहतं. नव्या अलार्ममध्ये मुदत संपली की स्वतःहून वाजायची सोय असते, काही जुने मात्र शेवटपर्यंत हिरवा दिवा लावून गप्प बसतात. खासगी मालकाकडून भाड्याने घेतलेली दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल तर तारीख पाहिल्याशिवाय सही करू नका. मुदत उलटलेली असेल तर अलार्म बदलून मागा. तो हक्क आहे, उपकार नाही.

गाडीत भर म्हणून बॅटरीवर चालणारा एक कार्बन मोनॉक्साइड अलार्म स्वतःचा सोबत ठेवा. त्यावर यूएल २०३४ हे मानक आणि तो आरव्हीसाठी चालतो असा उल्लेख हवा. घरातला अलार्म धक्के आणि उन्हातली तापलेली गाडी सहन करण्यासाठी तपासलेला असेलच असं नाही. मागच्या खोलीत किंवा मुलांच्या बंक पलंगांजवळ, झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास तो ठेवा. पडद्यामागे, कपाटात किंवा शेगडीच्या अगदी शेजारी नको. जमिनीलगतच्या अलार्मसमोर चपला, पांघरुणांचा गठ्ठा किंवा कुत्र्याची गादी ठेवायची नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाका. सामान ठेवायला तीच जागा सोयीची वाटते, आणि तिथेच चूक होते.

शेवटी, बाहेर पडायची खिडकी. झोपायच्या भागातल्या एका खिडकीला लाल कड्या असतात. त्या सोडवून काच बाहेर ढकलायची. एकदा उघडून बघा. वर्षानुवर्षं न उघडलेलं रबर चिकटून बसलेलं असतं.

पायरी २: सिलिंडर आणि जोडण्या

ट्रेलरला पुढच्या बाजूला झाकणाखाली २० किंवा ३० पौंडांचे सिलिंडर असतात, मोटरहोमला बाजूच्या छोट्या दारामागे कायमची बसवलेली टाकी असते. कॉक कुठे आहे आणि कोणत्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो (घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने) हे किमान दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावं. टाकी ८० टक्केच भरतात, उरलेली जागा उन्हात फुगणाऱ्या द्रवासाठी लागते. 'अजून थोडं भरा' म्हणू नका.

कॉक हळूहळू उघडा. झटक्यात उघडला की जोडणीतली सुरक्षा झडप त्याला गळती समजते आणि प्रवाह आवळते. मग शेगडी मिणमिणते आणि नवख्या माणसाला वाटतं सिलिंडर रिकामा झाला. तसं झालं तर कॉक बंद करा, सगळ्या उपकरणांची बटणं बंद आहेत हे बघा, थोडं थांबा आणि पुन्हा सावकाश उघडा.

सिलिंडर बदलला की साबणाच्या पाण्याची चाचणी दर वेळी करायची. भांड्यांचा द्रव साबण पाण्यात कालवून स्प्रे बाटलीत भरा; अमोनिया किंवा ब्लीच असलेला नको, त्याने पितळेला चिरा जातात. कॉक उघडून जोडणीवर, रेग्युलेटरवर आणि रबरी नळीच्या दोन्ही टोकांवर फवारा. बुडबुडा हळूहळू मोठा होत गेला तर गळती आहे. कॉक बंद करून जोडणी पुन्हा बसवा, तरीही बुडबुडे आले तर तो सिलिंडर किंवा नळी वापरायची नाही. काडी पेटवून बघायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो. गाडीच्या आतली पाइपलाइन तपासायला मात्र दाब मोजणारं उपकरण लागतं. ते काम वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून करून घ्यावं.

गाडी चालवताना कॉक बंद ठेवा. फ्रिज थंड ठेवायला बरेच जण तो उघडा ठेवून चालवतात, पण अपघातात नळी तुटली तर काय होईल याचा विचार केला की दोन-तीन तास बंद राहिलेल्या फ्रिजमधलं दूध फारसं महत्त्वाचं राहत नाही. पेट्रोल भरायला थांबण्यापूर्वी तर कॉक बंदच हवा. फ्रिज, वॉटर हीटर आणि फर्नेस आपोआप ठिणगी पाडून पेटतात, आणि ती ठिणगी पंपाशेजारी नको.

पायरी ३: जनरेटर

आरव्हीत कार्बन मोनॉक्साइडचा सगळ्यात मोठा धोका हाच, म्हणून इथे सावकाश वाचा.

सुरू करण्याआधी दर वेळी वाकून सायलेन्सर आणि त्याची नळी बघा. उंच फुटपाथवर किंवा उतारावर गाडीचं पोट घासलं की पहिला फटका या नळीला बसतो. नळी गाडीच्या कडेच्या बाहेर येऊन संपली पाहिजे, पोटाखाली नाही. सांध्याजवळ काजळीचे काळे डाग म्हणजे तिथून धूर निसटतोय. आवाज कालपेक्षा मोठा किंवा फुटका वाटला तर बंद करा, दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

नळीच्या तोंडासमोर भिंत, उंच गवत, बर्फाचा ढीग किंवा शेजारची गाडी नको, कारण धूर आपटून परत गाडीखाली येतो. वारा कुठून येतोय ते बघा आणि धूर वाऱ्याबरोबर दूर जाईल अशी गाडी लावा. त्या बाजूच्या खिडक्या बंद.

आता छतावरच्या पंख्याबद्दल. तो हवा बाहेर फेकत असतो, म्हणजे तेवढीच हवा दुसरीकडून आत ओढतो. जनरेटरच्या बाजूची खिडकी उघडी असेल, किंवा जमिनीत नळ-तारांसाठी पाडलेली भोकं नीट बुजवलेली नसतील, तर तो धूरच आत ओढेल. लोकांना वाटतं पंखा लावला म्हणजे हवा खेळती आहे. जनरेटर चालू असताना पंखा लावायचाच असेल तर वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूची, धुरापासून लांबची खिडकी रुंद उघडून ठेवा.

जनरेटर चालू ठेवून झोपायचं नाही. उद्यानांच्या कॅम्पग्राउंडमध्ये रात्री त्याला बंदी असतेच, पण रस्त्याकडेच्या वाहनतळावर उकाड्यात एसीसाठी हा मोह होतो. नव्या मोटरहोममध्ये बॅटरी उतरली की जनरेटर आपोआप सुरू व्हायची सोय असते. ती कुठून बंद होते हे गाडी घेतानाच विचारा आणि रात्री बंद करा. सुटा जनरेटर असेल तर तो गाडीपासून किमान २० फूट दूर, धुराचं तोंड पलीकडे करून. आणि शेजाऱ्याच्या जनरेटरचा धूर तुमच्या खिडकीतून येत असेल तर खिडकी बंद करा आणि जाऊन सांगा. संकोच करण्यासारखी ही गोष्ट नाही.

धावत्या गाडीची मागची खिडकीही बंद हवी. गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि इंजिनाचा धूर तिथून आत येतो.

पायरी ४: स्वयंपाक आणि ऊब

शेगडी पेटवली की छताची खिडकी किंवा बाजूची एक खिडकी थोडी उघडायची, कितीही थंडी असली तरी. ज्योत निळी हवी. पिवळी, लांबट, भांड्याला काजळी धरणारी ज्योत म्हणजे अर्धवट जळण. उंचीवर हे जास्त होतं: येलोस्टोन तळ्याचा काठच ७,७०० फुटांच्या वर आहे. भांडं बर्नरपेक्षा फार रुंद असेल, म्हणजे भाकरीचा मोठा तवा दोन बर्नरवर टाकला, तर खाली हवा कमी पडते आणि तेच होतं. पुरणपोळ्यांचा घाट बाहेरच्या टेबलावर सुट्या शेगडीवर घाला, पदार्थही चांगले होतील.

फोडणीने धुराचा अलार्म वाजतो, हा आपल्या घरांचा ठरलेला प्रसंग. ओट्यावरच्या पंख्याचं बाहेरचं झाकण प्रवासात उघडू नये म्हणून छोट्या चापांनी अडकवलेलं असतं. बाहेर जाऊन ते चाप सोडवले नाहीत तर पंखा नुसता घरघरतो आणि धूर आतच फिरतो. ते सोडवा, खिडकी उघडा, अलार्मवर आवाज थांबवायचं बटण असेल तर दाबा. बॅटरी काढू नका. काही डब्यांत धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींचा अलार्म एकत्र असतो. फोडणीसाठी काढलेली बॅटरी रात्रभर बाहेर राहिली की दोन्ही पहारे उठतात.

गाडी गरम करायला शेगडी किंवा ओव्हन वापरायचा नाही. विझत आलेलं कोळशाचं बार्बेक्यू आत आणायचं नाही, पावसातही नाही. राख पांढरी दिसत असली तरी आतला निखारा तासन्‌तास कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. छोटे प्रोपेन हीटर घरात चालतात असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी त्यांच्यासोबत झोपू नका.

फर्नेस आणि वॉटर हीटरची धुराची भोकं गाडीच्या बाहेरच्या भिंतीवर दिसतात. मातीची घरटी करणाऱ्या कुंभारीण माश्या आणि कोळी यांना ती फार आवडतात. मोसमाच्या सुरुवातीला टॉर्च मारून बघा, माती किंवा जाळं असेल तर साफ करा. बर्फ पडला तर सकाळी आधी ही भोकं आणि गाडीचा एक्झॉस्ट मोकळा करा, मग काहीही सुरू करा.

पायरी ५: रात्री वाजला तर

पहाटे चारला एकच बारीक 'टिक', मिनिटभराने पुन्हा 'टिक', असं होत असेल तर तो बहुधा गॅस नसतो. फर्नेसचा पंखा रात्रभर बॅटरीतून वीज खातो, थंडीत बॅटरीची ताकदही घटते, आणि व्होल्टेज उतरलं की प्रोपेनचा अलार्म तक्रार करतो. दिव्याचा रंग आणि आवाजाचा अर्थ अलार्मवरच्या लेबलवर छापलेला असतो, संध्याकाळीच वाचून ठेवा. उपाय बॅटरी चार्ज करणं हा आहे, तार उपटणं हा नाही. तोच 'टिक' बॅटरी भरलेली असतानाही येत राहिला तर बहुधा अलार्मची मुदत संपली आहे.

पूर्ण अलार्म वाजला तर आधी बाहेर पडायचं, कारण नंतर शोधायचं.

प्रोपेनचा असेल तर दिवा लावू नका आणि लागलेला असेल तर बंदही करू नका. दोन्हींत ठिणगी पडते. पंखा नको, आत फोन नको. वाटेत पेटलेली शेगडी हाताशी असेल तरच विझवा. दार उघडं टाकून सगळे बाहेर या, बाहेरून सिलिंडरचा कॉक बंद करा, दूर जाऊन ९११ला फोन करा. प्रोपेनचा अलार्म स्फोटाच्या किमान पातळीच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून आधी वाजतो. म्हणजे चालत बाहेर पडायला वेळ आहे, वास कुठून येतोय ते हुंगत फिरायला नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा असेल तर सगळ्यांना जागं करून बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि माणसं मोजा. ज्याला उठवूनही जाग येत नाही त्याला ओढून आणा. ९११ला फोन करा. कॅम्पग्राउंडचं नाव आणि जागेचा क्रमांक एका कागदावर लिहून दाराला चिकटवून ठेवलेला असेल तर घाईत कामी येतो. अग्निशमन दलाच्या जवानांनी मोजमाप करून परवानगी देईपर्यंत आत जायचं नाही, पासपोर्ट आणायलाही नाही.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, अंगात त्राण नसणं, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं. ताप नसतो. सगळ्या घराला एकदम 'बाहेरचं खाणं बाधलं' असं वाटलं आणि बाहेर फिरताना बरं वाटून आत आल्यावर पुन्हा सुरू झालं, तर गाडीवर संशय घ्या, अलार्म गप्प असला तरी. कारण मानकाप्रमाणे हे अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) एक ते चार तासांनी, १५० पीपीएमला १० ते ५० मिनिटांत आणि ४०० पीपीएमला ४ ते १५ मिनिटांत वाजतात. त्याहून कमी प्रमाणात ते मुद्दाम गप्प राहतात, आणि गरोदर बाई, लहान मूल, हृदयविकार असलेले आजोबा यांना तेवढंही बाधू शकतं.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेकांच्या औषधांच्या डब्यात असतो. बोटाला लावला की तो ९८ दाखवेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. या उपकरणाला कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं. त्याचा आकडा इथे निरुपयोगी आहे. बरं वाटू लागलं तरी रुग्णालयात जाऊन रक्ततपासणी करून घ्या आणि पोचल्याबरोबर 'कार्बन मोनॉक्साइड' हे शब्द सांगा. साध्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

खोटा अलार्मही वाजतो: हेअर स्प्रे, डासांचा फवारा, सॅनिटायझर, नव्या गाडीतल्या गोंदाची वाफ. त्यातला एक प्रकार मात्र खोटा म्हणून सोडायचा नाही. सडक्या अंड्यांचा वास आणि अलार्म दोन्ही आले, पण सिलिंडर आधीच बंद आहे, तर बाहेर पडल्यावर बॅटरीच्या कप्प्याचा विचार करा. जास्त चार्ज झालेली आम्लाची बॅटरी हायड्रोजन आणि हा वास सोडते, आणि हायड्रोजनही पेट घेतो. बॅटरी गरम किंवा फुगलेली असेल तर कॅम्पग्राउंडच्या खांबावरून वीज तोडा आणि तिला हात लावू नका.

गाडी स्वतःची असेल तर: अलार्म बदलणं

मुदत संपलेला प्रोपेनचा अलार्म बदलणं अर्ध्या तासाचं काम आहे. शक्यतो त्याच मापाचा घ्या म्हणजे भोक कापावं लागत नाही. खांबावरची वीज तोडा, बॅटरीची ऋण तार सोडा, जुना अलार्म स्क्रू काढून पुढे ओढा. मागे दोन तारा दिसतील. इथेच बहुतेकांची गफलत होते: अलार्मची काळी तार ऋण असते, पण गाडीतली काळी तार बऱ्याचदा धन असते आणि ऋण पांढरी असते. काळ्याला काळी जोडली तर अलार्म उलटा जोडला जातो. म्हणून जुन्याच्या कोणत्या तारेला काय जोडलं होतं त्याचा फोटो काढा आणि मल्टिमीटरने धन-ऋण तपासूनच जोडा. फ्यूज माहितीपत्रकात लिहिला असेल तेवढ्याच ॲम्पियरचा. दिव्याच्या बटणावर चालणाऱ्या तारेवर अलार्म जोडू नका, नाहीतर दिवा बंद केला की अलार्मही बंद.

भोवतीची फट सिलिकॉन सीलंटने भरायचा मोह टाळा, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होऊ शकतो. अलार्मवर रंग किंवा साफसफाईचा फवाराही नको. महिन्यातून एकदा व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने धूळ काढली की झालं. लायटरमधला गॅस सोडून तपासू नका, टेस्टचं बटण पुरेसं आहे. ते दर सहलीआधी, गाडी बराच काळ उभी असेल तर बाहेर काढताना, आणि सहलीत आठवड्यातून एकदा दाबा.

हिवाळ्यात गाडी उभी करताना लक्षात ठेवा की अनेक गाड्यांत हा अलार्म मुख्य बॅटरी-स्विचच्या आधीच जोडलेला असतो. स्विच बंद केला तरी तो थोडी थोडी वीज घेत राहतो आणि काही आठवड्यांत बॅटरी उतरते. त्यासाठी बॅटरीची ऋण तारच सोडून ठेवा, आणि वसंतात ती पुन्हा जोडल्यावर हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत सिलिंडरचा कॉक उघडू नका.